जिगर, पोटाची गोळी आणि रक्तस्राव : एका इशाऱ्याचा इतिहास

६ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सर्वसामान्य ग्राहकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. छातीत जळजळ, आंबट ढेकर, अपचन यांसाठी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या काही औषधांत अ‍ॅस्पिरिन असते आणि त्यामुळे पोटात किंवा आतड्यात गंभीर रक्तस्राव होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. खरे तर रक्तस्रावाचा इशारा या औषधांच्या वेष्टनावर २००९ च्या नियमानुसार छापला जातच होता. तरीही त्यानंतर आठ नवी प्रकरणे एफडीएकडे नोंदली गेली. आठही जणांना इस्पितळात दाखल करावे लागले आणि काहींना रक्त चढवावे लागले.

आठ हा आकडा लहान वाटेल. पण अशी नोंद बहुतांशी ऐच्छिक असते. पोट दुखले, गोळी घेतली, रक्ताची उलटी झाली, हा क्रम जोडून कुणी सरकारला कळवतोच असे नाही. आकड्यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. ही माणसे पोटाला आराम मिळावा म्हणून औषध घेत होती आणि त्याच औषधातला एक घटक त्यांच्या पोटातून रक्त काढत होता. सोड्याच्या गोळीत अ‍ॅस्पिरिन असेल, ही शंका सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. साठी उलटलेल्यांना, पूर्वी अल्सर झालेल्यांना, रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांना तो जास्त असतो. पण ज्यांचे लिव्हर, म्हणजे आपल्या घरांतल्या भाषेत जिगर, आधीच खराब झालेले आहे, त्यांच्यासाठी हा धोका जिवावर बेतणारा ठरू शकतो. आपल्या समाजात लिव्हरचा आजार लपवला जातो, कारण ‘लिव्हर खराब’ म्हटले की लोकांना आधी दारू आठवते. त्यामुळे या विषयाचा इतिहास नीट समजून घेणे गरजेचे आहे. पोटाच्या औषधात अ‍ॅस्पिरिन आले कसे, त्याने रक्त येते हे कळायला किती वर्षे लागली आणि जिगरच्या रुग्णाला ते जास्त का बाधते, हे पाहू.

एल्कहार्टची फसफसणारी गोळी

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे छोटे शहर आहे. डॉ. फ्रँकलिन माइल्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे औषधांची कंपनी काढली. या कंपनीत पुढे जे घडले त्याची एक कथा सांगितली जाते. १९२८ च्या हिवाळ्यात फ्लूची साथ होती. कंपनीचे प्रमुख हब बियर्ड्स्ली गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले, तर तिथे सगळे कर्मचारी कामावर हजर. संपादक टॉम कीन यांनी सांगितले की, कुणाला सर्दी-तापाची लक्षणे दिसली की मी त्याला अ‍ॅस्पिरिन आणि खाण्याचा सोडा देतो. बियर्ड्स्ली परतले आणि त्यांनी कंपनीचे रसायनतज्ज्ञ मॉरिस ट्रेनिअर यांना या दोन्हींची मिळून एक गोळी बनवायला सांगितली.

कथेत कंपनीने थोडा मीठमसाला घातला असेलही. पण १९३१ मध्ये ‘अल्का-सेल्टझर’ ही गोळी बाजारात आली, हा इतिहास आहे. पाण्यात टाकली की ती फसफसून विरघळते. तिच्या मूळ प्रकारातील एका गोळीत ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, १९१६ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि १००० मिलिग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड असते. म्हणजे फसफसणाऱ्या सोड्यात अ‍ॅस्पिरिनची एक पूर्ण गोळी विरघळलेली असते. ग्राहक ग्लासातले बुडबुडे पाहतो. अ‍ॅस्पिरिन त्याला दिसत नाही.

१९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. रात्री पिऊन सकाळी डोके आणि पोट दोन्ही धरून बसणाऱ्यांना ही गोळी सोयीची वाटली. डोक्यासाठी अ‍ॅस्पिरिन, पोटासाठी सोडा. रेडिओ आणि पुढे टीव्हीवरच्या जाहिरातींनी तिला घराघरांत नेले. काही जाहिराती तर भरपेट खाऊन पस्तावणाऱ्या माणसावरच बेतलेल्या होत्या. दारू, अतिखाणे आणि त्यावर अ‍ॅस्पिरिन ही सांगड अशी बसत गेली. पोटातल्या रक्तस्रावाच्या दृष्टीने दारू आणि अ‍ॅस्पिरिन यांची जोडी किती वाईट आहे, हे मात्र वेष्टनावर यायला आणखी साठपेक्षा जास्त वर्षे जावी लागली.

रक्त येते, हे कळायला लागलेला काळ

अ‍ॅस्पिरिनची मुळे विलो या झाडाच्या सालीत आहेत. फारसीत या झाडाला ‘बेद’ म्हणतात आणि युनानी दवाखान्यांतला बेदमुश्कचा अर्क याच कुळातल्या झाडाचा. इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावचे पाद्री एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले की, विलोच्या सालीची पूड दिल्याने सुमारे पन्नास जणांचा ताप उतरला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रसायनतज्ज्ञांनी सालीतला गुणकारी अंश वेगळा केला. त्यातून मिळालेले सॅलिसिलिक अ‍ॅसिड तापावर चाले, पण पोटाला फार त्रास देई. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ पासून ते ‘अ‍ॅस्पिरिन’ या नावाने विकले जाऊ लागले. हे औषध लोकप्रिय झाले तेच मुळी ‘पोटाला कमी त्रास देणारे’ म्हणून.

ती समजूत किती खरी, हे पाहायचे तर जिवंत माणसाच्या पोटात डोकवावे लागणार होते. १९३० च्या दशकात वाकवता येणारी दुर्बीण आली आणि ते शक्य झाले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर डाउथवेट आणि लिंटॉट यांनी १९३८ मध्ये रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देऊन दुर्बिणीतून त्यांच्या जठराचे अस्तर तपासले. बहुतेकांचे अस्तर लाल झालेले होते आणि काहींमध्ये अस्तराखाली रक्त साकळलेले होते. ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आली. पण तोपर्यंत अ‍ॅस्पिरिन जगभरच्या घरांत पोचले होते.

दुसरा धागा कॅलिफोर्नियात सापडला. डॉ. लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना दुखणे कमी व्हावे म्हणून अ‍ॅस्पिरिनचा च्युइंगम देत. त्यांच्या लक्षात आले की जे रुग्ण तो जास्त चघळतात, त्यांच्या जखमेतून रक्त जास्त येते. त्यावरून त्यांनी तर्क केला की अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ देत नसेल, तर हृदयविकारात त्याचा उपयोग व्हायला हवा. १९५० च्या सुमारास त्यांनी हे लेखांतून मांडले. त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही, पण त्यांचे मूळ निरीक्षण बरोबर होते.

का, याचा उलगडा १९७१ मध्ये झाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्यात अडथळा आणते. याच घराण्यातली काही द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात. रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटून जखम बुजवतात, त्यालाही अशाच द्रव्यांची मदत लागते. म्हणजे अ‍ॅस्पिरिन एकाच वेळी दोन कामे करते. जठराचे कवच पातळ करते आणि जखम झालीच तर ती बुजू देत नाही. एकदा निकामी झालेली प्लेटलेट पेशी पुन्हा कामाची होत नाही. तिचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते, तेव्हा आज घेतलेल्या गोळीचा परिणाम पुढचे काही दिवस राहतो. या संशोधनात वाटा असलेल्या व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सोड्यात विरघळवलेले अ‍ॅस्पिरिन जठराच्या अस्तराला थेट कमी झोंबते, हे खरे आहे. सोडा आम्ल मारतो आणि गोळी एका जागी चिकटून राहत नाही. पण रक्तात गेल्यावर ते अ‍ॅस्पिरिनच असते. प्लेटलेटवर होणारा परिणाम सोड्याने टळत नाही.

जिगर आणि रक्ताचे नाते

युनानी वैद्यकात जिगरला मोठा मान आहे. जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, आणि त्यांच्या परंपरेत पुढे इब्न सिना यांनी जिगरला रक्त तयार होण्याचे ठिकाण मानले. पचलेल्या अन्नाचा सार जिगरमध्ये येतो आणि तिथे त्याचे रक्त व इतर खिल्त बनतात, अशी ही मांडणी होती. रक्ताभिसरणाचे आधुनिक ज्ञान आल्यावर ती मागे पडली. त्या ज्ञानाचा एक पाया इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकातच घातला होता. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते, हे त्यांनी लिहून ठेवले होते.

रक्त जिगरमध्ये बनत नाही. पण वाहणारे रक्त थांबवण्याचे बरेचसे सामान तिथेच बनते. कोपनहेगनमधल्या हेन्रिक डाम यांनी १९२९ पासून कोंबडीच्या पिलांवर प्रयोग केले. चरबीविरहित खाद्यावर वाढवलेल्या पिलांना रक्तस्राव होत असे. त्यातून ‘के’ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि डाम यांना नोबेल मिळाले. हे जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारे अनेक घटक तयार करण्याचे काम लिव्हर करते. लिव्हर थकले की हे घटक कमी पडतात.

लिव्हर आक्रसून टणक होते त्या अवस्थेला १८१९ मध्ये फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी ‘सिरोसिस’ हे नाव दिले. या अवस्थेत तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, वर सांगितलेली घटकांची टंचाई. दुसरी, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते, त्यामुळे रक्तातली त्यांची संख्या घटते. तिसरी सगळ्यांत घातक. आतड्यांकडून लिव्हरकडे येणाऱ्या रक्ताला टणक लिव्हरमधून वाट मिळत नाही. दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधते. त्यामुळे अन्ननलिकेच्या आणि जठराच्या आतल्या बाजूच्या नसा फुगतात. त्यांना व्हॅरिसिस म्हणतात. त्यातली एखादी फुटली, तर काही मिनिटांत तांब्याभर रक्त उलटून पडू शकते.

अशा माणसाच्या पोटात अ‍ॅस्पिरिन गेले तर काय होईल, याचा अंदाज येतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये सिरोसिसच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अ‍ॅस्पिरिन किंवा त्याच वर्गातली वेदनाशामके अलीकडे घेतलेल्या रुग्णांमध्ये फुगलेल्या नसा पहिल्यांदा फुटण्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला. या औषधांनी मूत्रपिंडाकडे जाणारे रक्तही कमी होते आणि सिरोसिसमध्ये मूत्रपिंडे आधीच नाजूक झालेली असतात.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे सोडियम. पोटात पाणी झालेल्या लिव्हरच्या रुग्णाला दिवसभरात साधारण दोन ग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला सांगतात. वर उल्लेख केलेल्या एका गोळीत सुमारे ५६७ मिलिग्रॅम सोडियम असते. वेष्टनावर दिवसाला जास्तीत जास्त आठ गोळ्यांची मर्यादा आहे आणि साठी उलटलेल्यांसाठी चारची. आठ गोळ्या घेणाऱ्याच्या शरीरात साडेचार ग्रॅम सोडियम आणि २६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन जाते. पोट फुगले म्हणून गोळी घ्यावी, सोडियममुळे पाणी आणखी साठावे आणि पोट आणखी फुगावे, असे हे चक्र आहे.

मुळात लिव्हरचा रुग्ण पोटाचे औषध वारंवार घेतो, यात नवल नाही. पोट जड वाटणे, दोन घासांत भरल्यासारखे होणे, मळमळ, भूक नसणे ही त्याच्या आजाराचीच लक्षणे असतात. तो त्यांना ‘गॅस’ म्हणतो. महिनोन्‌महिने गॅसचे औषध घेत राहतो आणि खरा आजार तपासला जात नाही.

दारू न पिणाऱ्यांचे जिगर

‘आमच्या घरात कुणी दारूला हात लावत नाही, मग लिव्हर कसे खराब होईल?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. त्याचे उत्तर इजिप्तच्या इतिहासात मिळते.

नाईल नदीच्या पाण्यात एका परजीवी कृमीचा प्रादुर्भाव प्राचीन काळापासून होता. १८५१ मध्ये कैरोत काम करणारे जर्मन डॉक्टर थिओडोर बिल्हार्झ यांनी हा कृमी शोधला, म्हणून आजाराचे नाव बिल्हार्झिया पडले. कालव्यात उतरणारी शेतकऱ्यांची मुले त्याची सर्वाधिक शिकार होत. कृमीची अंडी लिव्हरमध्ये अडकतात, तिथे व्रण तयार होतात, दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या नसा फुगतात. दारूचा एक थेंबही न घेता रक्ताची उलटी होणारे हजारो फेल्लाह इजिप्तमध्ये होते.

अरब जगताचा लाडका गायक अब्देल हलीम हाफिज याचीही हीच कहाणी. १९२९ मध्ये शर्किया प्रांतातल्या खेड्यात जन्मलेल्या हलीमला लहानपणीच बिल्हार्झियाने गाठले. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याला वारंवार रक्तस्राव होत राहिला. ३० मार्च १९७७ रोजी लंडनच्या इस्पितळात तो वारला, तेव्हा त्याचे वय ४७ होते. कैरोत त्याच्या जनाज्याला लोटलेल्या गर्दीबद्दल आजही बोलले जाते.

या आजारावर सरकारने उपचारांची मोठी मोहीम काढली. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खेडोपाडी लाखो लोकांना इंजेक्शने दिली गेली. सुया आणि सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यांतून हिपॅटायटिस सी हा विषाणू देशभर पसरला. त्या विषाणूचा शोधच १९८९ मध्ये लागला, तेव्हा आपण काय पसरवतो आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हते. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या जवळपास १५ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली. पुढे याच देशाने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली, लाखोंना मोफत गोळ्या दिल्या आणि आजार आटोक्यात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या कामाचा गौरव केला.

म्हणजे लिव्हर खराब होण्याला एकटी दारू जबाबदार नसते. हिपॅटायटिस बी आणि सी आहेत. मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारे चरबीचे लिव्हर आहे. त्याची नोंद मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी १९८० मध्ये केली, ती मद्यपान न करणाऱ्या रुग्णांच्या तपासणीवरूनच. ज्याला लोक काय म्हणतील या भीतीने आजार लपवावा लागतो, तो डॉक्टरांकडे जाण्याऐवजी मेडिकलच्या काउंटरवर ‘गॅसचे काहीतरी द्या’ म्हणतो. अशा वेळी बदनामीची भीती थेट त्याच्या प्रकृतीवर उठते.

विकणाऱ्याची जबाबदारी

स्वतःच्या घरी स्वतःच उपचार करणे ही वाईट गोष्ट नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले हकीम अल-राझी यांनी, ज्याला तबीब उपलब्ध नाही त्याच्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. गरिबाने, प्रवाशाने साध्या दुखण्यावर घरच्या वस्तूंनी काय करावे, हे त्यात सांगितले आहे. घरगुती उपचारासोबत नेमकी माहितीही लोकांच्या हाती द्यावी, ही त्यामागची समज.

बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधाबद्दल मात्र त्या समाजात कडक देखरेखीचा विचार होता. मुस्लिम शहरांत ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी असे. वजनमापे, अन्नपदार्थ, बाजारातली लबाडी यांवर त्याची नजर असे. बाराव्या शतकात सीरियातल्या अल-शैझरी यांनी या अधिकाऱ्यासाठी जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात औषधविक्रेते आणि औषधी शरबते बनवणारे यांच्यावर वेगळी प्रकरणे आहेत. कोणत्या औषधात कशाची भेसळ होते आणि ती कशी ओळखावी, हे त्यांत सविस्तर दिले आहे. घेणाऱ्याला आपण काय घेतो ते कळत नाही, म्हणून कुणीतरी त्याच्या वतीने पाहिले पाहिजे, हे तत्त्व तेव्हाही मान्य होते.

आधुनिक काळात हे काम कायद्याकडे आणि वेष्टनावरच्या मजकुराकडे आले. अमेरिकेत १९७२ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांची सरसकट फेरतपासणी सुरू झाली. १९७४ मध्ये आम्लनाशक औषधांचे नियम ठरले. त्यांत वेदनाशामक मिसळलेल्या आम्लनाशकाला परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. डोकेदुखी आणि आम्लपित्त दोन्ही एकदम असेल तरच ते घ्यावे आणि ते पाण्यात विरघळवून पिण्याचे असावे. नियम कागदावर बरोबर होता. पण नुसते पोट बिघडलेला माणूस तीच गोळी उचलतो आणि आपले डोके दुखत नाही याचा विचार करत नाही.

पुढचे इशारे एकेक करून आले. १९८६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅस्पिरिनवर मुलांसाठी इशारा आला, कारण फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिल्यास लिव्हर आणि मेंदूला इजा करणारा रेज सिंड्रोम होण्याचा संबंध दिसला होता. १९९८ मध्ये रोज तीन किंवा जास्त पेले दारू घेणाऱ्यांसाठी इशारा आला. एप्रिल २००९ च्या नियमाने पोटातल्या रक्तस्रावाचा इशारा ठळक छापणे बंधनकारक केले आणि डॉक्टरांना आधी विचारावे अशा आजारांच्या यादीत लिव्हर सिरोसिसचे नाव घातले. लंडनच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून लाल झालेले अस्तर पाहिले, त्याला तोवर सत्तरपेक्षा जास्त वर्षे झाली होती. त्यानंतरही आठ माणसे इस्पितळात गेली, म्हणून २०१६ चा इशारा काढावा लागला. नियम झाला, छपाई झाली, पण वाचले गेले नाही.

आपल्या घरांत

महाराष्ट्रात ही विशिष्ट गोळी घराघरांत नाही. पण तिचे दोन्ही घटक आहेत. पाण्यात विरघळणारे अ‍ॅस्पिरिन डोकेदुखीसाठी सर्रास घेतले जाते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या गोळ्या कंबरदुखीपासून दातदुखीपर्यंत चालतात. त्यांनी जळजळ झाली की वरून फसफसणारा सोडा किंवा आम्लनाशक. अमेरिकेत एका गोळीत एकत्र आलेले घटक आपण दोन पुड्यांतून घेतो, इतकाच फरक. आपल्या औषध नियमांतली ‘शेड्यूल के’ ही तरतूद तर एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात अ‍ॅस्पिरिन आणि आम्लनाशके घरगुती औषधे म्हणून परवान्याविना विकू देते. डॉक्टर नसलेल्या गावाची ती गरज आहे. पण तिथे किराणा दुकानदारच औषधविक्रेता होतो आणि तो गिऱ्हाइकाच्या लिव्हरबद्दल विचारणार नाही.

रमजानमध्ये याची आठवण विशेष ठेवावी लागते. दिवसभराच्या उपवासाने डोके दुखते, म्हणून सहरीला किंवा इफ्तारनंतर वेदनाशामक घेतले जाते. इफ्तारला भजी, समोसे, नहारी झाली की रात्री सोडा. निरोगी माणूस यातून निभावून जातो. हिपॅटायटिस, चरबीचे लिव्हर किंवा जुना मधुमेह असलेल्या घरातल्या बुजुर्गाने मात्र असे करू नये.

मग करावे काय? पोटाच्या औषधाच्या वेष्टनावर अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅसिटाइलसॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा सॅलिसिलेट हे शब्द आहेत का, ते घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी वाचून पाहावे. साध्या आम्लनाशकात आणि फसफसणाऱ्या नुसत्या सोड्यात अ‍ॅस्पिरिन नसते, पण सोड्यात सोडियम भरपूर असते. बिस्मथ असलेल्या औषधाने शौचाचा रंग काळा होतो, लोहाच्या गोळ्यांनीही होतो, त्यामुळे खऱ्या रक्तस्रावाची खूण झाकली जाऊ शकते. दुखण्यासाठी काय घ्यावे हे लिव्हरच्या रुग्णाने डॉक्टरांनाच विचारावे. लोक पॅरासिटामॉलला घाबरतात, पण अनेकदा डॉक्टर सिरोसिसमध्ये कमी मात्रेत तेच पसंत करतात. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिले असेल, तर हा लेख वाचून ते परस्पर बंद करू नये. लिव्हरचा आजार सांगून त्यांच्याकडूनच निर्णय घ्यावा.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा लाल उलटी, अचानक चक्कर आणि घाम, लिव्हरच्या रुग्णाची बोलण्यातली असंबद्धता, यांतले काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याच क्षणी मोठ्या इस्पितळात न्यावे आणि कोणकोणती औषधे घेतली ते लपवू नये. फुगलेली नस आज दुर्बिणीतून बांधता येते आणि रक्त थांबवता येते, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचावा लागतो.

पोटाची तक्रार दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तर पुढची पुडी घेण्याऐवजी एकदा लिव्हरची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. इजिप्तने ती पाच कोटी लोकांची केली. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या आवारात, शाळेत किंवा जमातखान्यात रविवारी एक शिबिर भरवून ती निदान शे-दोनशे लोकांची करणे अवघड नाही.